‘द डॅनिश गर्ल’च्या खेळाचा दिवस

पहाटे ५.३०

आमच्या चित्रपट-आस्वाद वर्गाचा खेळ संध्याकाळी सहाला असतो, पण माझं काम उजाडायच्या आत सुरू होतं. ज्या दिवशी खेळ, त्या दिवशी पहाटे तो चित्रपट पुन्हा एकदा बघून काढायचा, हा माझा शिरस्ता. टिपणं कितीही नीट काढलेली असली तरी प्रकाश, रंग, एखाद्या नटीचं मान वळवणं त्यांत उतरत नाही. ते डोळ्यांत ताजं असावं लागतं.

आज ‘द डॅनिश गर्ल’. साल २०१५, दिग्दर्शक टॉम हूपर, लांबी दोन तासांना एक मिनिट कमी. एडी रेडमेन आणि अलिशिया विकांडर या दोघांवर सगळा चित्रपट उभा आहे. गोष्ट १९२६च्या कोपनहेगनमध्ये सुरू होते. आयनार वेगेनर निसर्गचित्रं काढतो आणि त्याचं नाव झालेलं आहे. त्याची बायको गेर्डा व्यक्तिचित्रं काढते, तिला अजून कुणी फारसं विचारत नाही. एक दिवस तिची मॉडेल वेळेवर येत नाही. चित्रात पाय तेवढे राहिलेत. गेर्डा नवऱ्याला म्हणते, जरा मोजे चढव, बूट घाल आणि बस.

हा प्रसंग मी थांबवून थांबवून बघते. आयनार आधी हसण्यावारी नेतो. मग मोजा चढवतो, बुटात पाय कोंबतो. गेर्डा पांढरा झगा आणून त्याच्या अंगावर धरायला देते. इथे कॅमेरा चेहरा सोडून हाताकडे जातो. बोटं कापडावर टेकतात, मागे येतात, पुन्हा टेकतात. श्वास बदलतो. समोर गेर्डा डोळे बारीक करून मापं घेते आहे, तिला फक्त घोट्याची रेघ हवी आहे. एकाच खोलीत एकाच्या आयुष्यात उलथापालथ होते आहे आणि दुसरी आपलं काम करते आहे. मग मैत्रीण येते, ते ध्यान बघून हसते आणि हातातली लिलीची फुलं देऊन त्या नव्या बाईचं नावही ठेवते.

चित्रपटाची सगळी ताकद मला इथे दिसते. लिलीला पहिल्यांदा बघते ती गेर्डा. चित्रकाराच्या नजरेने बघते, आणि बायको म्हणून काय बघितलं ते तिला नंतर कळतं.

सकाळी ७.३०

चहा झाला की खेळाला येणाऱ्यांसाठी एक पानी टिपण. त्यात लिलीविषयी सगळीकडे स्त्रीलिंगीच लिहायचं, हे आमचं ठरलेलं आहे. चित्रपट खऱ्या माणसांवर बेतलेला असला की टिपणाचं काम दुप्पट होतं. पडद्यावर दिसलं तेच घडलं असं धरून लोक घरी जातात, आणि लिली व गेर्डा या दोघींच्या बाबतीत तो अन्याय ठरेल.

घडलेलं असं. आयनार म्हणून वाढलेल्या लिलीचा जन्म २८ डिसेंबर १८८२चा, डेन्मार्कमधल्या वायले गावचा. कोपनहेगनच्या कला अकादमीत गेर्डा गॉटलिबशी ओळख झाली आणि १९०४ साली दोघांचं लग्न झालं. १९१२च्या सुमाराला ते पॅरिसला जाऊन राहिले. लिली तेव्हापासूनच अधूनमधून घराबाहेर वावरत होती, लोकांशी तिची ओळख नात्यातली बाई म्हणून करून दिली जायची. १९३० साली बर्लिनमध्ये लिंगबदलाची पहिली शस्त्रक्रिया झाली, पुढच्या ड्रेस्डेनला. ऑक्टोबर १९३० मध्ये डेन्मार्कच्या राजाने हे लग्न रद्द ठरवलं. लिलीला नवं नाव आणि पासपोर्ट मिळाला. ड्रेस्डेनमधून वाहणाऱ्या एल्ब नदीवरून तिने आडनाव घेतलं. १३ सप्टेंबर १९३१ रोजी ती त्याच शहरात गेली. तेव्हा ती ४८ वर्षांची होती.

आता पडद्यावरचं बघा. तिथे हे तरुण जोडपं आहे, आणि पहिल्या मोज्यापासून मृत्यूपर्यंत सगळं चार-पाच वर्षांत उरकतं. खऱ्या आयुष्यात लग्न झाल्यापासून ते रद्द होईपर्यंत २६ वर्षं गेली. त्यातली बरीच लिलीच्या सोबतीने गेली. टिपणात हे मी ठळक करते, कारण त्याने गोष्टीचा अर्थच बदलतो. चार वर्षांत झालेला बदल म्हणजे संसारावर कोसळलेलं संकट. दोन दशकं एका छताखाली सांभाळलेली गोष्ट म्हणजे संसारच. ती दोघं कशी राहिली असतील, काय काय ठरवून घेतलं असेल, कुठल्या पाहुण्याला काय सांगितलं असेल, याची कल्पना करायला हूपरचा चित्रपट जागाच ठेवत नाही.

याला कारण आहे. चित्रपट आधारलेला आहे डेव्हिड एबरशॉफ यांच्या २००० सालच्या कादंबरीवर. कादंबरीकाराने आयनार-लिलीचं नाव आणि गोष्टीचा गाभा घेतला आणि बाकी मनाने रचलं. त्याने तर बायकोला अमेरिकेतली करून टाकलं होतं. पटकथाकार लुसिंडा कॉक्सन यांनी तिला पुन्हा डॅनिश गेर्डा केलं, ही त्यांची मोठी दुरुस्ती.

सकाळी १०.००

छपाईला टिपण टाकून मी चित्रं काढून बसते. गेर्डा वेगेनरच्या चित्रांच्या प्रती आज सभागृहाच्या दाराशी लावायच्या आहेत. हे काम मला सगळ्यांत आवडतं.

चित्रपटात गेर्डाचं नाव लिलीच्या चित्रांनी होतं, तोवर ती धडपडते आहे असं दाखवलंय. प्रत्यक्षात १९०७ सालीच तिने काढलेलं एका बाईचं व्यक्तिचित्र प्रदर्शनांनी नाकारलं आणि त्यावरून डॅनिश वृत्तपत्रांत मोठा वाद पेटला होता. पॅरिसमध्ये तिने ‘व्होग’ आणि ‘ला व्ही पॅरिझिएन’सारख्या नियतकालिकांसाठी चित्रं काढली. १९२५च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिला पदकं मिळाली. म्हणजे चित्रपट ज्या साली सुरू होतो त्या साली ती नाव कमावलेली, पोटापाण्याचं स्वतः बघणारी चित्रकार होती.

तिची लिली बघा. १९२०च्या एका चित्रात लिलीच्या हाती पिसांचा पंखा आहे. १९२८च्या एकात ती पत्ते मांडून बसली आहे, त्या चित्राचं नावच ‘बदामची राणी’. बदामासारखे लांब डोळे, सडसडीत मान, डाव जिंकणाऱ्या बाईचा आत्मविश्वास. या लिलीत लाजणं नाही, कापणं नाही. रेडमेनची लिली मात्र सतत पापण्या खाली घालते, हातांची बोटं गुंफते, पुटपुटल्यासारखं बोलते. चित्रपटात दिसणारी चित्रंही नव्याने काढून घेतलेली आहेत, कारण त्यांत चेहरा रेडमेनचा हवा होता. म्हणूनच मूळ चित्रं दाराशी लावायची. आत जाताना प्रत्येकाने गेर्डाची लिली आधी बघावी, मग हूपरची.

आणखी एक गोष्ट चित्रपटात नाही. बायकांनी बायकांवर केलेल्या प्रेमाची चित्रं गेर्डाने उघडपणे काढली आणि छापली. तिच्या मनाचा कल कुठे होता यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मी त्यावर निकाल देणार नाही. पण ज्या बाईने ही चित्रं काढली, तिला केवळ नवरा हरवलेली दुःखी पत्नी करणं म्हणजे तिचं अर्धं आयुष्य खोडणं आहे.

दुपारी १२.००

डॉक्टर मैत्रिणीला फोन. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वैद्यकीय मजकूर तिला वाचून दाखवल्याशिवाय मी लोकांपुढे बोलत नाही.

चित्रपटात लिलीवर दोन शस्त्रक्रिया होतात आणि दुसरीनंतर ती जाते. प्रत्यक्षात त्या जास्त होत्या. पहिली बर्लिनला, माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरच्या देखरेखीखाली. हिर्शफेल्डने १९१९ साली बर्लिनमध्ये लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली होती. शरीराने एक आणि मनाने दुसरं असलेल्या माणसांना वेडं न ठरवणारी ती जगातल्या मोजक्या जागांपैकी एक. १९३१ साली हा माणूस व्याख्यानं देत भारतातही येऊन गेला. मे १९३३ मध्ये नाझींनी त्याच्या संस्थेवर धाड घातली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. चित्रपटात ना हिर्शफेल्ड आहे, ना त्याची संस्था. आयनारला वेडा ठरवणारे, किरणोत्सर्गाचे उपचार करणारे डॉक्टर आहेत आणि मग एकदम देवदूतासारखे ड्रेस्डेनचे डॉ. वार्नेक्रोस येतात. त्यामुळे लिली जगात एकटीच होती असं वाटतं. ती एकटी नव्हती. तिच्यासारखी माणसं बर्लिनमध्ये होती, एकमेकांना ओळखत होती.

शेवटची शस्त्रक्रिया जून १९३१ मधली. वार्नेक्रोस यांनी गर्भाशयाचं रोपण करण्याचा प्रयत्न केला. मैत्रीण म्हणाली, “अगं, परका अवयव शरीर का नाकारतं हे तेव्हा नीट माहीतच नव्हतं. ते नाकारणं रोखणारी भरवशाची औषधं यायला पुढे पन्नास वर्षं जावी लागली.” लिलीने तीन महिने काढले, मग हृदय थकलं. गर्भाशयाच्या रोपणानंतर जिवंत बाळ जन्मलं ते २०१४ साली, स्वीडनमध्ये. भारतातलं पहिलं गर्भाशयरोपण आपल्या पुण्यातच, मे २०१७ मध्ये झालं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून मुलगी जन्मली. ती शस्त्रक्रिया वेगळ्या गरजेची होती, पण लिलीने जी मागणी केली होती तिची जात हीच. म्हणजे जे वेड म्हणून हसण्यावारी गेलं असतं, ते वैद्यकाला जमायला ८० वर्षांहून अधिक काळ लागला.

लिलीला ते हवं का होतं? तिला लग्न करायचं होतं. पॅरिसमधल्या एका कलाविक्रेत्याने तिला मागणी घातली होती. हा माणूस चित्रपटात येतच नाही. लग्नावरच्या चित्रपटाने लिलीच्या स्वतःच्या लग्नाची इच्छा इतकी बाजूला सारावी, याचं मला वाईट वाटतं.

दुपारी २.३०

जेवण उरकून ताईंना भेटायला. आजच्या चर्चेत त्या माझ्याबरोबर बसणार आहेत. ताई स्वतः पारलिंगी स्त्री आहेत, आणि घरच्यांशी बिनसलेल्या मुलामुलींसाठी काम करतात. चित्रपट त्यांनी आधी बघितलाय. मी पाहुण्यांना प्रश्न आधी दाखवते, म्हणजे व्यासपीठावर कुणाची कोंडी होत नाही.

माझा पहिला प्रश्न नटाविषयी होता. लिलीचं काम एका पुरुषाने करावं का, हा वाद चित्रपट आला तेव्हाच झाला. रेडमेनने तयारी कसून केली होती. दिग्दर्शिका लाना वाचोव्स्कीने त्याला वाचायला पुस्तकं सुचवली, पारलिंगी स्त्रियांना भेटून त्याने ऐकून घेतलं. तरी २०२१ साली त्यानेच जाहीरपणे सांगितलं की आज ही भूमिका आपण घेतली नसती, ती घेणं ही चूक होती.

ताई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, त्याने काम मन लावून केलंय, ते मला दिसतं. माझा राग त्याच्यावर नाही. माझं म्हणणं एवढंच, आरशासमोर उभं राहून आपण बाई आहोत हे कळणं, हे ह्यांनी फार दाखवलं. आमचं आयुष्य आरशासमोर फार थोडं जातं. भाड्याचं घर, रेशनकार्ड, दवाखाना, ह्यात जातं. लिली पुढे दुकानात कामाला लागते, तो भाग बघा. चार मिनिटं असेल. मला तो पाहिजे होता, आणखी पाहिजे होता.”

हे मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. दुकानातला प्रसंग माझ्या टिपणात नव्हताच. लिली अत्तराच्या काउंटरपाशी उभी राहते, गिऱ्हाइकांशी बोलायला शिकते, बाकीच्या मुलींसारखी नोकरी करते. तिथे तिला कुणी रंगवत नाही, कुणी तपासत नाही. त्या चार मिनिटांत ती खरोखरच सुटी झालेली दिसते.

दुसरा प्रश्न गेर्डाचा. ताई म्हणाल्या, “माझ्याकडे बायका येतात. नवऱ्याने सांगितलं की मी बाई आहे, आता मी काय करू? त्यांना पहिलं काय सांगते माहितीये? घाई करू नका. राहायचं का जायचं, आज ठरवू नका. आणि सासर-माहेरला आत्ताच बोलावू नका.”

दुपारी ४.१५

सभागृह. प्रोजेक्टरचे काका आधीच आलेले. आवाज, सबटायटल, पडद्याच्या कडा, सगळं तपासून होईपर्यंत तासभर जातो. या चित्रपटात रंगाची तपासणी फार महत्त्वाची. कोपनहेगनचं घर मुद्दाम राखाडी-निळं ठेवलंय. विल्हेल्म हामरशॉय या डॅनिश चित्रकाराने रिकाम्या खोल्या, पाठमोऱ्या बायका आणि थंड उजेड असा जो संसार रंगवला, त्यावर रचनाकार ईव्ह स्टुअर्ट यांनी हे घर बेतलं. भिंती उघड्या, सामान मोजकं. पॅरिस आलं की वळणदार जिने, सोनेरी उजेड, दाट कापडं. पॅरिसचे काही प्रसंग ब्रसेल्समध्ये, तिथल्या जुन्या आर्ट नूव्हो घरांत चित्रित केलेत. पाको देलगादो यांची वेशभूषाही याच वाटेने जाते. आयनारचे कोट घट्ट, ताठ कॉलरचे, गळा आवळणारे. लिलीचे कपडे मोकळे होत जातात.

प्रोजेक्टर जरा उजळ लावला तर कोपनहेगनचा करडेपणा धुवून निघतो आणि दोन शहरांतला फरकच जातो. काका दोनदा दिवा कमी-जास्त करतात, मी शेवटच्या रांगेतून बघते. “आता?” ते विचारतात. खिडकीतला उजेड भिंतीवर दुधासारखा न दिसता राखेसारखा दिसला पाहिजे. दिसला की मी हात वर करते.

दाराशी गेर्डाची चित्रं लागली आहेत. आमच्या वर्गातल्या दोघीजणी टिपणाच्या प्रती मांडताहेत.

संध्याकाळी ६.००

सुरुवातीला पाचच मिनिटं बोलायचं. कथा सांगायची नाही. आज मी एवढंच सांगितलं: चित्रपटाच्या आरंभी गेर्डा एका जाड्या गृहस्थाचं चित्र काढते आहे, तो अस्वस्थ आहे, आणि ती त्याला सांगते की बाईच्या नजरेखाली बसायची पुरुषांना सवय नसते. तो प्रसंग लक्षात ठेवा. पुढे दोन तास कोण कुणाकडे बघतं, एवढ्याकडेच ध्यान द्या.

दिवे गेले की मी पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडे जास्त बघते. शर्टाच्या आत नवऱ्याने आपला रेशमी झगा घातलाय हे गेर्डाला कळतं, तिथे काहीजण चुळबुळले. मेजवानीत लिली पहिल्यांदा लोकांत जाते, तिथे पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या, त्यांना ती आवडली.

सभागृह स्तब्ध झालं ते एका साध्या प्रसंगाला. गेर्डाच्या प्रदर्शनाची रात्र आहे. ती थकून घरी येते. समोर लिली. गेर्डा तिला विनवते की मला माझा नवरा हवा आहे, त्याच्याशी बोलायचं आहे, त्याला आण. लिली रडते आणि तिला ते जमत नाही. विकांडर या प्रसंगात आवाज चढवत नाही. नुसती उभी राहते, हात पुढे करते आणि मागे घेते. ज्याच्यावर प्रेम आहे तो माणूस समोर आहे, जिवंत आहे, दुखावण्याची त्याची इच्छा नाही, आणि तरीही नवरा आता नाही. या दुःखाला आपल्याकडे कुठलाच विधी नाही. तेरावं घालता येत नाही, भांडून माहेरी जाता येत नाही. विकांडरला या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मला ती भूमिका साहाय्यक वाटत नाही. चित्रपट तिचाच आहे.

शेवट लिलीच्या मृत्यूनंतरचा. उंच डोंगरकड्यावर गेर्डा उभी आहे आणि लिलीचा रुमाल वाऱ्यावर उडून जातो. हे म्हणे आयनारचं गाव वायले. डेन्मार्क सपाट देश आहे, तिथली सर्वांत उंच नैसर्गिक जागाही १७१ मीटरपर्यंत पोचत नाही. ते डोंगर नॉर्वेतले आहेत. आणि गेर्डा मृत्यूसमयी ड्रेस्डेनला नव्हतीच.

रात्री ८.१०

चर्चा. पहिला हात वर झाला तो एका ज्येष्ठ गृहस्थांचा. डोळे पाणावलेले. म्हणाले, “ही तर सावित्रीच. नवऱ्याने काय काय केलं, तरी शेवटपर्यंत सोडलं नाही.”

त्यांची भावना खरी होती आणि मी तिला मान देऊनच उत्तर दिलं. मी म्हटलं, काका, हा शेवट चित्रपटाने रचला आहे. लग्न रद्द झाल्यावर १९३१ साली गेर्डाने एका इटालियन अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि ती मोरोक्कोला गेली. लिली दुसऱ्या लग्नाची तयारी करत होती. दोघींनी एकमेकींना मोकळं केलं होतं. २६ वर्षं एकत्र काढून, मग एकमेकींच्या वाटेत न येता पुढे जाणं, यात प्रेम कमी पडलं असं मला वाटत नाही. उलट चित्रपटकारांना हे बघवलं नाही. त्यांना बायको नवऱ्याच्या उशाशी हवी होती. आपल्यालाही ती तिथेच हवी असते.

काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पुढे तिचं काय झालं?” मी सांगितलं. दुसरं लग्न टिकलं नाही. ती डेन्मार्कला परतली तेव्हा तिची चित्रं जुनी वाटू लागली होती. शेवटी हाताने रंगवलेली पोस्टकार्डं विकून तिने दिवस काढले आणि जुलै १९४० मध्ये गेली. २०१५ साली कोपनहेगनजवळच्या आर्केन संग्रहालयाने तिच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिच्या देशाने तिला पुन्हा बघितलं.

मागून एका मुलाने बालगंधर्वांचा विषय काढला. तो निघणारच. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, १८८८चे, म्हणजे लिलीचे समकालीनच. ते शालू नेसून उभे राहिले की बायका त्यांची फॅशन उचलत. आपण त्यांना डोक्यावर घेतलं, मग लिलीत वेगळं काय? मी म्हटलं, वेगळं हेच की नारायणराव भूमिका करत होते, आणि पडदा पडला की शालू उतरत होता. लिलीची भूमिका आयनार ही होती. ती तिने चाळिशी उलटेपर्यंत केली. आपल्या मराठी प्रेक्षकाची अडचण मला कळते. पुरुष बाई म्हणून शोभला तर आपण वन्स मोअर देतो. तीच व्यक्ती म्हणाली, मी बाईच आहे, की आपण उठून जातो.

कायद्याचा प्रश्न एका वकील मुलीने विचारला आणि उत्तरही बरंचसं तिनेच दिलं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाला आपलं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की हिंदू विवाह कायद्यातल्या वधूमध्ये पारलिंगी स्त्रीही येते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, पण पारलिंगी स्त्री आणि पुरुष किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री यांना आजच्या कायद्यांखाली लग्न करता येतं हे स्पष्ट केलं. मग तिने नेमका प्रश्न टाकला: लग्न आधीच झालेलं असेल तर? आयनार-गेर्डासारखं? २०१९चा पारलिंगी व्यक्तींचा कायदा यावर काही सांगत नाही. डेन्मार्कच्या राजाने १९३० साली निदान निर्णय दिला होता.

एक बाई म्हणाल्या, “हे टीव्हीवर का नाही दाखवत?” २०१६ साली हा चित्रपट आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन थिएटरात लागला होता. पुढच्या वर्षी टीव्हीवर दाखवायची वेळ आली तेव्हा परीक्षण मंडळाने परवानगी दिली नाही. ताई म्हणाल्या, “टीव्हीवर आमची टिंगल रोज दाखवतात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.” सभागृहात टाळ्या झाल्या, पण ताईंनी हात वर करून त्या थांबवल्या आणि दुकानातल्या प्रसंगाविषयी बोलायला लागल्या. आजच्या संध्याकाळचं सगळ्यांत मोलाचं बोलणं तेच झालं.

रात्री १०.००

घरी आल्यावर नोंदवही. आलेले किती, मुद्दे कुठले, पुढच्या वेळी काय बदलायचं. शेवटच्या रकान्यात चित्रपटाविषयी माझं मत लिहायचं असतं.

‘द डॅनिश गर्ल’ बघण्याजोगा आहे, आणि तो घरच्या माणसांसोबत बघण्याजोगा आहे. संसाराच्या आत एखादं सत्य कसं हळूहळू उघडं पडतं, बघणारी आणि दिसणारी दोघी त्यात कशा बदलतात, हे त्याने मनापासून दाखवलंय. रंग, कपडे, विकांडरचा चेहरा, यांत काही कमी नाही. पण त्याने लिलीला फार नाजूक केलं आणि गेर्डाला फार सोशीक. खऱ्या दोघी याहून धीट होत्या. एकीने आपलं शरीर आणि कागदपत्रं, दोन्ही मिळवली. दुसरीने तिला जगापुढे मांडलं आणि वेळ आली तेव्हा आपला रस्ता धरला.

चित्रपट बघितलात तर गेर्डा वेगेनरची चित्रंही शोधून बघा. आणि तुमच्या नात्यात, शेजारात, कचेरीत असं एखादं घर असेल तर त्या बाईला ‘तू कसं सहन करतेस’ असं विचारू नका, तिच्या त्यागाचं कौतुकही करू नका. तिला काय हवं आहे ते विचारा, त्या दोघांना ठरवायला वेळ द्या, आणि ती जे ठरवतील ते मान्य करा.